हुकूम आणि हिशेब : इस्पितळात शेवटचा शब्द कोणाचा?

7 जून 2025 रोजी, बकरी ईदच्या सुट्टीच्या दिवशी, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातल्या गोमेकॉत, जे घडले ते राज्यातील बहुतेकांनी मोबाइलवर पाहिले आहे. एका वृद्ध रुग्णाला इंजेक्शन देण्यास नकार मिळाल्याची तक्रार आली म्हणून आरोग्यमंत्री विश्वजित राणे थेट कॅज्युअल्टीत गेले. तेथे रुग्ण, कर्मचारी आणि कॅमेरे यांच्यासमोर त्यांनी ड्युटीवरील मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला फैलावर घेतले आणि त्याच्या निलंबनाचा तोंडी आदेश दिला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांनी निलंबन होणार नाही, असे जाहीर केले. तरीही डॉक्टरांचा संताप शमला नाही. मंत्र्यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली, तेव्हा जेथे अपमान झाला तेथेच माफी मागावी, असा आंदोलकांनी आग्रह धरला. इस्पितळातील चित्रीकरणास मज्जाव आणि व्हीआयपी संस्कृतीला आळा, या मागण्याही पुढे आल्या. अखेर 10 जून रोजी मुख्यमंत्र्यांशी झालेल्या चर्चेनंतर आंदोलन मागे घेण्यात आले.

त्यानंतर राज्यात जी चर्चा झाली ती मुख्यतः दोन स्वभावांची झाली. एका बाजूने मंत्र्यांचा तोरा काढण्यात आला, दुसऱ्या बाजूने सरकारी डॉक्टरांच्या उर्मटपणाचे दाखले देण्यात आले. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य असू शकते. परंतु या वादात एक प्रश्न मागे पडला. त्या डॉक्टरने एक वैद्यकीय निर्णय घेतला होता. हे इंजेक्शन तातडीचे नाही, ते कॅज्युअल्टीत न घेता बाह्यरुग्ण विभागात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात घ्यावे, असा तो निर्णय होता. तो बरोबर होता की चूक, हे ठरवण्याचा अधिकार कोणाला? आणि तो चूक असेल, तर त्याचा जाब कोणी, कोठे आणि कोणत्या रीतीने विचारायचा?

हा प्रश्न एका मंत्र्यापुरता किंवा एका इस्पितळापुरता नाही. खासगी इस्पितळात मंत्र्याच्या जागी व्यवस्थापक असतो, विमा योजनेत मंजुरी देणारा अधिकारी असतो, भागीदारीतील इस्पितळात गुंतवणूकदाराचा प्रतिनिधी असतो. वेश बदलतो, प्रश्न तोच राहतो. उपचाराच्या कागदावर सही डॉक्टरची असते, आणि त्या सहीमागचा निर्णय मात्र अनेकदा दुसऱ्याच खुर्चीतून होतो.

व्यवस्थापनाचे क्षेत्र कोणते?

इस्पितळ चालवणे हे केवळ वैद्यकशास्त्राचे काम नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. खाटा किती, परिचारिकांच्या पाळ्या कशा, औषधांची खरेदी कोणाकडून, यंत्रांची देखभाल कोणाकडे, शुल्क किती आणि कोणाला माफ, हे सारे व्यवस्थापनाचे आणि शासनाचे विषय आहेत. उदाहरणार्थ, 2018 मध्ये गोवा सरकारने परराज्यांतील रुग्णांना गोमेकॉत शुल्क लागू केले. बांबोळीवर पिढ्यान्‌पिढ्या विसंबून असलेल्या सिंधुदुर्गात त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटली, दोडामार्गात आंदोलनही झाले. तो निर्णय योग्य होता की नव्हता, यावर मतभेद असतील. पण तो घेण्याचा अधिकार शासनाचा होता आणि त्याचे उत्तर शासनाने विधानसभेत व जनतेत द्यायचे होते. त्यात डॉक्टरच्या अधिकाराला कोणी हात घातला नव्हता.

दारात आलेल्या रुग्णांपैकी आधी कोणाला पाहायचे, कोणाला दाखल करायचे, कोणती तपासणी आवश्यक आणि कोणती अनावश्यक, शस्त्रक्रिया आज करायची की थांबायचे, रुग्णाला घरी कधी पाठवायचे, हे निर्णय निराळ्या जातीचे आहेत. ते रुग्णाला तपासल्याशिवाय घेता येत नाहीत. शिवाय ते चुकले तर त्याची शिक्षा रुग्णाच्या देहाला भोगावी लागते. म्हणूनच जगभर हे निर्णय प्रशिक्षित आणि नोंदणीकृत व्यक्तीकडे सोपवलेले असतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या व्यावसायिक वर्तनविषयक नियमावलीनेही आणीबाणीच्या प्रसंगी मदतीला धावून जाणे हे डॉक्टरचे कर्तव्य ठरवले आहे. त्याआधी 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जखमी माणसाचे प्राण वाचवण्याची जबाबदारी टाकली होती.

कॅज्युअल्टीतील डॉक्टरच्या हाती निवडीचा अधिकार का असावा लागतो, याचे उत्तर याच जबाबदारीत आहे. मरणाच्या दारातील रुग्णाला तेथे नाकारता येत नाही. त्यामुळे ज्याला थांबणे शक्य आहे त्याला थांबवण्याची किंवा अन्यत्र पाठवण्याची मुभा त्या टेबलावरच्या डॉक्टरला असलीच पाहिजे. ओळखीच्या माणसाचे किरकोळ काम आधी झाले, तर त्याची किंमत रांगेत निमूट बसलेला एखादा छातीत कळा येणारा रुग्ण मोजतो. ती किंमत कोणत्याही व्हिडिओत दिसत नाही.

स्टॅफर्ड आणि ब्रिस्टल

व्यवस्थापन आणि डॉक्टर यांच्यातील या रस्सीखेचीचा सर्वांत तपशीलवार लेखाजोखा ब्रिटनने मांडून ठेवला आहे. तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेत पूर्वी डॉक्टर, परिचारिका आणि प्रशासक एकमताने कारभार हाकत. 1983 मध्ये सेन्सबरी या किराणा-दुकानांच्या साखळीतील वरिष्ठ अधिकारी रॉय ग्रिफिथ्स यांनी सरकारला एक छोटेखानी अहवाल दिला. या व्यवस्थेत नेमके कोण जबाबदार हेच कळत नाही, अशी त्यांची टीका होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. त्यांच्या शिफारशीनुसार इस्पितळांत सर्वाधिकारी व्यवस्थापक आले. पुढील दशकांत त्या व्यवस्थापकांच्या मागे आकड्यांची लक्ष्ये लागली.

या मार्गाचे टोक स्टॅफर्ड येथील इस्पितळात दिसले. 2005 ते 2009 या काळात तेथील व्यवस्थापनाचे सारे लक्ष आर्थिक ताळेबंद जुळवून स्वायत्त दर्जा मिळवण्याकडे होते. सुमारे 1 कोटी पौंडांच्या बचतीसाठी कर्मचारी कमी करण्यात आले. तातडीच्या विभागात आलेल्या प्रत्येक रुग्णाचा 4 तासांत निकाल लावायचा, असे राष्ट्रीय लक्ष्य होते. ते गाठण्यासाठी रुग्णांना पुरेशा तपासणीविनाच दुसऱ्या कक्षात हलवले जाई. 2009 मध्ये आरोग्य आयोगाने केलेल्या चौकशीत तर असे आढळले की, येणाऱ्या रुग्णांपैकी कोणाला आधी पाहायचे याची पहिली निवड वैद्यकीय प्रशिक्षण नसलेले स्वागतकक्षातील कर्मचारी करीत होते. कागदावर लक्ष्य गाठले जात होते आणि वॉर्डात पाण्यावाचून तळमळणारे रुग्ण फुलदाणीतले पाणी पीत असल्याच्या तक्रारी नातेवाईक करीत होते. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल फेब्रुवारी 2013 मध्ये आला. त्यात 290 शिफारशी होत्या. या अहवालाने व्यवस्थापनाला दोष दिलाच, पण तेथील ज्येष्ठ डॉक्टरांनाही सोडले नाही. जे चालले आहे ते चूक आहे हे दिसत असूनही त्यांनी त्याचा पाठपुरावा केला नाही, कारभारापासून अंग काढून घेतले, असा त्याचा निष्कर्ष होता.

मात्र याच देशातील ब्रिस्टलची कहाणी नेमकी उलट आहे, आणि डॉक्टरांच्या स्वायत्ततेचा झेंडा घेणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवली पाहिजे. ब्रिस्टलच्या इस्पितळात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यूंचे प्रमाण अन्य केंद्रांपेक्षा जास्त होते. तेथील एका भूलतज्ज्ञाने आकडे गोळा करून वारंवार धोक्याची सूचना दिली. त्याचे ऐकण्याऐवजी ज्येष्ठ शल्यविशारदांचे वर्तुळ घट्ट मिटले. अखेर तो भूलतज्ज्ञ ऑस्ट्रेलियाला निघून गेला. 2001 च्या चौकशी अहवालाने 1991 ते 1995 या काळात तेथे एक वर्षाखालील 30 ते 35 बालके अन्य केंद्रांतील अपेक्षित प्रमाणापेक्षा अधिक दगावली, असा अंदाज वर्तवला. तेथे डॉक्टरांच्या निर्णयात कोणी ढवळाढवळ केली नव्हती. कोणी हिशेबच मागितला नव्हता, हे त्या मृत्यूंमागचे कारण होते.

या प्रकरणात इस्पितळाचा मुख्य कार्यकारी अधिकारी स्वतः डॉक्टर होता. त्यामुळे 1998 मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेला त्याचे नावही नोंदणीपुस्तकातून काढून टाकता आले. तो डॉक्टर नसता, तर ती परिषद त्याला हातही लावू शकली नसती. हा तपशील भारताच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

अधिकार एकाचा, परवाना दुसऱ्याचा

आपल्याकडे डॉक्टरवर जबाबदारी टाकणारे कायदे कमी नाहीत. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. फौजदारी निष्काळजीपणाचे निकष 2005 च्या जेकब मॅथ्यू खटल्यात ठरले. व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल राज्याची वैद्यकीय परिषद आणि त्यावर 2020 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कारवाई करू शकतो. ग्राहक न्यायालयात इस्पितळालाही भरपाई द्यावी लागते, हे खरे. परंतु परवाना जातो तो डॉक्टरचा. 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मॅक्स इस्पितळाच्या प्रकरणात स्पष्ट केले की, वैद्यकीय परिषदेचा अधिकार डॉक्टरांपुरता आहे, इस्पितळांवर तिला आदेश काढता येत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल समजण्यासारखा आहे. पण त्यातून उघडी पडलेली पोकळी आजही पुरती भरलेली नाही. कट-प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला नियमावलीचे कलम लावता येते. डॉक्टरला महिन्याचे लक्ष्य आखून देणाऱ्या व्यवस्थापकाला मात्र ती नियमावली ओळखतच नाही.

ही लक्ष्ये काल्पनिक नाहीत. पुण्याच्या 'साथी' संस्थेच्या कामातून डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी 78 डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या आणि त्या पुस्तकरूपाने मराठीत व इंग्रजीत आणल्या. तपासलेल्या रुग्णांपैकी किती जणांना शस्त्रक्रियेपर्यंत नेले, याचे प्रमाण मोजून त्यावर डॉक्टरची किंमत ठरवणारी कॉर्पोरेट व्यवस्था त्या डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने वर्णन केली आहे. शस्त्रक्रियेची गरज नाही, असे रुग्णाला सांगणे हा खरे तर डॉक्टरच्या ज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग. त्या प्रामाणिक सल्ल्याची नोंद अशा व्यवस्थेत तोट्याच्या खात्यात होते.

सरकारी विमा योजनांनी या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला. गोव्यात 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण ती देते. देशपातळीवर 2018 मध्ये आयुष्मान भारत योजना आली. अशा योजनांत प्रत्येक उपचाराचे पॅकेज ठरलेले असते. सार्वजनिक पैशाची उधळपट्टी रोखायची तर असे दर आणि पूर्वमंजुरी आवश्यकच आहेत. अडचण उद्भवते ती रुग्णाचा आजार पॅकेजच्या चौकटीत बसत नाही तेव्हा. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि जखमेतील जंतुसंसर्ग एकत्र असलेल्या रुग्णाला डॉक्टर आणखी चार दिवस ठेवू इच्छितो आणि हिशेबाचा कागद मात्र त्याला घरी पाठवा म्हणतो. त्या वेळी मंजुरी नाकारणाऱ्याचे नाव रुग्णाच्या केसपेपरवर कोठेही नसते. डिस्चार्जवर सही डॉक्टरचीच होते.

प्राणवायूच्या रात्री

डॉक्टरांचे म्हणणे व्यवस्थापनाने वेळेवर ऐकणे किती मोलाचे असते, हे शिकण्यासाठी गोव्याला ब्रिटनपर्यंत जाण्याची गरज नाही. मे 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गोमेकॉत प्राणवायूचा पुरवठा रात्री-अपरात्री खंडित होत होता. सिलिंडरच्या ट्रॉल्या बदलताना दाब कमी होई आणि वॉर्डात धावपळ उडे. रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरांना हे सर्वांत आधी दिसले. त्यांच्या 'गार्ड' या संघटनेने ते महाविद्यालयाच्या प्रशासनाला कळवले आणि हे प्रकरण उच्च न्यायालयापुढे आल्यावर तेथेही मांडले. 11 मे रोजी पहाटे 2 ते 6 या वेळेत 26 रुग्ण दगावल्याचे स्वतः आरोग्यमंत्र्यांनी सांगितले आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी, अशी मागणी केली. दुसऱ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने प्राणवायूअभावी कोणाचाही मृत्यू होऊ नये याची दक्षता घेण्याचे निर्देश दिले. सरकारने त्रिसदस्यीय समिती नेमली, द्रवरूप प्राणवायूची टाकीही उभी राहिली.

त्या रात्रींत उपचाराचे ज्ञान डॉक्टरांकडे होते आणि पुरवठ्याची किल्ली प्रशासनाकडे. वॉर्डातून वर जाणारा इशारा कोठे अडला, कोणी तो वाचला आणि कोणी त्यावर काय केले, याची नोंद ठेवणारी व्यवस्था असती, तर न्यायालयाच्या दारात जाण्याची वेळ आली नसती. डॉक्टरांच्या स्वायत्ततेचा विचार करताना आपण बहुधा 'डॉक्टरला हवे ते करू द्या' एवढाच अर्थ घेतो. धोका दिसताच निर्भयपणे तो सांगता येणे, हाही त्या स्वायत्ततेचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. कॅमेऱ्यासमोर निलंबनाचा हुकूम सुटतो, तेव्हा त्या एका डॉक्टरपेक्षा त्याच्याकडे पाहणाऱ्या शेकडो तरुण डॉक्टरांना धडा मिळतो. नियमाने वागून अंगाशी येते आणि वरच्याची मर्जी राखून निभावते, असा तो धडा असतो. उद्या प्राणवायूचा दाब पुन्हा उतरला, तर हाच धडा घेतलेला निवासी डॉक्टर पत्र लिहायला बसेल का?

रुग्णाची बाजू

येथे डॉक्टरांनाही काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. गोमेकॉची परंपरा 1842 मध्ये पोर्तुगीज राजवटीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेपर्यंत जाते. गोमंतकीयांचा या संस्थेवर विश्वास आहे. पण पहाटेपासून रांगेत उभ्या राहणाऱ्या सामान्य माणसाला तेथे अनेकदा तुटक उत्तरे मिळतात, हेही नाकारता येणार नाही. सुट्टीच्या दिवशी पेडणे किंवा काणकोणहून आलेल्या वृद्धेला 'येथे नाही, केंद्रात जा' एवढेच सांगितले जाते. त्या दिवशी ते केंद्र उघडे आहे का, तेथे ते इंजेक्शन आहे का, हे तिने कोणाला विचारायचे? वैद्यकीय निर्णय बरोबर असूनही वागणूक चुकीची असू शकते. डॉक्टरचा अधिकार निर्णयापुरता आहे; तो निर्णय सौजन्याने आणि पुढच्या वाटेसह सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे.

शिवाय सामान्य गोमंतकीय मंत्र्याला फोन का करतो, याचाही विचार झाला पाहिजे. त्याला इस्पितळात दाद मागण्यासाठी विश्वासाची दुसरी खिडकी दिसत नाही, म्हणून. आमदाराची चिठ्ठी, ओळखीचा कर्मचारी, मंत्र्याच्या कार्यालयातील दूरध्वनी, हीच आपली तक्रार निवारण यंत्रणा होऊन बसली आहे. जोवर ही स्थिती आहे, तोवर अचानक भेट देऊन अधिकाऱ्याला झापणारा मंत्री लोकांना आपला वाटणारच. आणि ज्याच्याकडे मंत्र्याचा नंबर नाही, त्याची तक्रार कोणाच्याच कानी पडणार नाही.

नियम आणि नियंत्रण हे स्वायत्ततेचे शत्रू आहेत, हा काही डॉक्टरांचा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी, दरम्यान आणि नंतर तपासायच्या 19 मुद्द्यांची यादी तयार केली. त्या कामाचे नेतृत्व अतुल गावंडे या अमेरिकी शल्यविशारदाने केले. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातील. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील इस्पितळांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. नावाजलेल्या शल्यविशारदानेही रुग्णाचे नाव आणि शस्त्रक्रियेची बाजू मोठ्याने उच्चारून घ्यावी, असे ती यादी सांगते. हे नियंत्रणच आहे. पण ते डॉक्टरांनी, पुराव्याच्या आधारे, सर्वांसाठी सारखे आखलेले आहे. त्यामुळे त्याने कोणाचा अवमान होत नाही आणि रुग्णाचा जीव वाचतो.

हिशेबाची रीत

स्टॅफर्डमध्ये डॉक्टर गप्प बसले, ब्रिस्टलमध्ये कोणी विचारले नाही, बांबोळीत विचारण्याची रीतच चुकली. या तिन्हींतून एकच धडा निघतो. डॉक्टरच्या वैद्यकीय निर्णयावर हुकूम नको, पण हिशेब हवाच. आणि तो हिशेब आधी ठरलेल्या पद्धतीने, लेखी आणि जाणकारांमार्फत घेतला जावा. गोव्यासारख्या छोट्या राज्यात हे करणे अवघड नाही. त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, गोमेकॉसह म्हापसा व मडगावच्या जिल्हा इस्पितळांत कॅज्युअल्टीचा प्राधान्यक्रम लेखी ठरवावा आणि तो मराठी, कोकणी व इंग्रजीत दारावर लावावा. कोणत्या तक्रारीला तत्काळ पाहिले जाईल, कोणाला थांबावे लागेल आणि कोणती सेवा सुट्टीच्या दिवशी कोठे मिळेल, हे रुग्णाला आत पाऊल टाकण्यापूर्वीच कळले पाहिजे. त्या क्रमातून पत्रकार, आमदार किंवा मंत्र्याचा नातलग यांपैकी कोणालाही सूट नसावी.

दुसरी, तक्रारीसाठी चोवीस तास चालणारा कक्ष असावा आणि तेथे वैद्यकीय अधीक्षक दर्जाचा जबाबदार माणूस असावा. शेजारच्या महाराष्ट्राने 2021 मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्ण हक्कांची सनद, दरपत्रक आणि तक्रार निवारण कक्ष यांची तरतूद केली. तिची अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय, पण आराखडा उपलब्ध आहे. वागणुकीबद्दलची तक्रार प्रशासनाने तपासावी. उपचाराच्या निर्णयाबद्दलची तक्रार मात्र त्याच विषयातील ज्येष्ठ डॉक्टरांच्या समितीने, रुग्णाची बाजू ऐकून, ठरावीक दिवसांत निकाली काढावी आणि उत्तर रुग्णाला लेखी द्यावे.

तिसरी, निलंबनाला सेवानियम आहेत आणि तेच लागू व्हावेत. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा नियम, 1965 लागू आहेत. त्यांनुसार निलंबन हा सक्षम प्राधिकाऱ्याने कारणाचा विचार करून काढायचा लेखी आदेश असतो. कॅज्युअल्टीत उभ्याने सुनावण्याची ती शिक्षा नव्हे. मंत्र्याला इस्पितळात जाण्याचा, पाहणी करण्याचा, अधिष्ठात्याकडून अहवाल मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. लोकांनी त्याला त्यासाठीच निवडून दिले आहे. त्या अहवालात दोष आढळला तर कारवाईही व्हावी. ती कारवाई नियमाने झाली तर डॉक्टरांना रस्त्यावर उतरण्याचे कारण उरणार नाही आणि दोषीला सहानुभूतीचा आडोसाही मिळणार नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, जो वैद्यकीय निर्णय फिरवेल त्याने सही करावी. मंत्री असो, अधिष्ठाता असो, खासगी इस्पितळाचा व्यवस्थापक असो वा विमा मंजुरीचा अधिकारी असो, डॉक्टरचा निर्णय बदलायचा असेल तर तो नावानिशी, कारणासह आणि रुग्णाच्या केसपेपरवर बदलावा. पुढे काही बरेवाईट झाले तर त्या सहीचा मालकही डॉक्टरसोबत उत्तरदायी ठरावा. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत खासगी भागीदारी आणण्याचे प्रस्ताव गोव्यात वेळोवेळी चर्चेला आले आहेत. पुन्हा असा करार होणार असेल, तर खाटांच्या आणि दरांच्या कलमांइतकेच हे कलम लोकप्रतिनिधींनी तपासून पाहावे. जागा सरकारची, पैसा गुंतवणूकदाराचा आणि सही कंत्राटी डॉक्टरची, अशा रचनेत 'नको' म्हणण्याची सर्वांत कमी ताकद त्या कंत्राटी डॉक्टरकडेच असते. त्याच्या कराराची मुदत वर्षावर्षाने संपत असते.

या चौथ्या सूचनेला विरोध होईल, हे उघड आहे. तोंडी सूचनेची सोयच ही असते की तिचा पुरावा राहत नाही. फोनवरून सांगितलेले काम झाले तर श्रेय घेता येते, बिघडले तर डॉक्टरकडे बोट दाखवता येते. सहीची अट घातली की बहुतांश हस्तक्षेप आपोआप थांबतील, कारण ज्याला आपल्या हुकमाच्या योग्यतेची खात्री नसते तो कागदावर नाव टाकायला धजत नाही. जे उरतील ते बहुधा विचारपूर्वक केलेले असतील, आणि त्यांतले काही डॉक्टरची खरी चूक सुधारणारेही असतील.

जून 2025 मधील आंदोलन मिटले, माफी मागितली गेली, आश्वासने दिली गेली. या आश्वासनांचे पुढे काय झाले, हे डॉक्टरांच्या संघटनांनी विचारत राहिले पाहिजे. पण त्यांनी आपल्या मागण्यांच्या यादीत रुग्णांच्या तक्रारींची चौकशी आपल्याच ज्येष्ठांनी वेळेत आणि उघडपणे करावी, ही मागणीही स्वतःहून घातली पाहिजे. स्वतःचा हिशेब स्वतः मांडायला तयार असलेल्या व्यवसायावर बाहेरून हुकूम चालवणे कोणत्याही सत्तेला जड जाते. तो मांडायला जो व्यवसाय टाळाटाळ करतो, त्याच्या दारात कॅमेरे घेऊन कोणीतरी येतेच, आणि त्या वेळी बाहेर उभे असलेले लोक टाळ्या वाजवतात.